गोंडोला की बेटावरची रात्र? दोघांच्या पन्नास हजारांत व्हेनिस

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात परत लिहितो, म्हणजे पुढचं त्याच्याशी जोडून वाचता येईल. तुम्ही २८, मिसेस २७, लग्नाला दीड वर्ष झालंय, तेव्हा रजा मिळाली नाही म्हणून हनिमून राहिला तो आता दिवाळीनंतर नोव्हेंबरात, इटली नऊ दिवस, मिलानहून सुरू करून रोमहून परत. त्यात व्हेनिस दोन रात्री तीन दिवस, आणि विमान, व्हिसा, शहराशहरांतल्या गाड्या सोडून तेवढ्या तीन दिवसांसाठी पन्नास हजार बाजूला ठेवलेत. मिसेस शाकाहारी, अंडं चालतं. विचारलंय की एवढ्यात होतं का, मेस्त्रेत, म्हणजे पुलापलीकडच्या जमिनीवरच्या गावात, राहून पैसे वाचवू का, आणि गोंडोलात, त्या वल्ह्याच्या होडीत, बसलोच नाही तर व्हेनिसला जाऊन उपयोग काय.

होतं, आरामात नाही पण होतं. फक्त मला वाटतं तुम्ही मेस्त्रे आणि गोंडोला हे दोन वेगळे प्रश्न धरलेत, तो एकच प्रश्न आहे. कसा ते हिशोबात दाखवतो.

माझ्याबद्दल थोडं, म्हणजे सल्ला कुठून येतोय ते कळेल. मी बरीच वर्षं युरोपला मोठे ग्रुप घेऊन जायचो, चाळीस-पंचेचाळीस माणसं, बस, सोबत महाराज आणि पोळीभाजी. त्या टूरमध्ये व्हेनिस म्हणजे सकाळी दहाला बस त्रोंकेत्तोच्या बसतळाला लागायची, तिथून मोठ्या बोटीने सान मार्को, चौकात फोटो, काच कशी फुंकतात त्याचा दहा मिनिटांचा डेमो आणि त्याच्या शेजारी दुकानात चाळीस मिनिटं, मग एका गोंडोलात पाच-पाच जण कोंबून अर्धा तास, दुपारी तीनला परत बस. असं मी व्हेनिस तीसेक वेळा तरी केलं असेल आणि मला ते शहर अजिबात आवडायचं नाही. गर्दी, महागाई, उन्हाळ्यात ओहोटीच्या वेळी पाण्याचा वास, आणि माझं लक्ष सगळं डोकी मोजण्यात.

मग एकदा ग्रुपमधल्या एका काकांचा पुलाच्या पायरीवर पाय मुरगळला. बोट-अँब्युलन्समधून दवाखान्यात नेलं, तिथला दवाखाना म्हणजे बाहेरून एखादा राजवाडाच, सान मार्को नावाच्या जुन्या स्कुओलाची, म्हणजे धर्मसंघाच्या इमारतीची, संगमरवरी भिंत आणि आत एक्सरे. बाकीचा ग्रुप ड्रायव्हरबरोबर पुढच्या हॉटेलला गेला आणि मी काकांसाठी मागे राहिलो. रात्री साडेनऊला काहीतरी खायला म्हणून बाहेर पडलो तर गल्लीत माझ्याच चपलांचा आवाज ऐकू येत होता. दिवसा जिथं खांद्याला खांदा घासत होता तिथं कुणी नाही, पाणी भिंतीला लागल्याचा आवाज, वर एखाद्या खिडकीत टीव्ही चालू. तीस वेळा येऊन मी त्या दिवशी पहिल्यांदा व्हेनिस बघितलं. पुढं ग्रुप सोडले आणि आता फक्त दोघा-चौघांचे प्लॅन करून देतो, आणि जोडप्यांना पहिला प्रश्न हाच विचारतो की रात्री कुठं झोपणार.

आता हिशोब. युरो हल्ली शंभरच्या वर आहे, आपण १०५ धरू, म्हणजे पन्नास हजारांचे साधारण ४७५ युरो. खाली जे आकडे देतोय ते माझ्या अंदाजाचे, तुमच्या तारखेला पाच-दहा इकडं-तिकडं होतील, रूमचे तर नक्कीच.

बेटावर, म्हणजे खऱ्या जुन्या शहरात, नोव्हेंबरात सोमवार ते गुरुवार कास्तेल्लो किंवा कान्नारेज्यो भागात साधी, छोटी पण स्वतःचं बाथरूम असलेली डबल रूम ११५ च्या आसपास धरा, दोन रात्रींचे २३०. शुक्रवार-शनिवार आला की हाच आकडा पळतो. मेस्त्रेत, म्हणजे पूल ओलांडून जमिनीवर, स्टेशनजवळ तशीच रूम ७० ला, दोन रात्री १४०. फरक ९० युरो. आणि गोंडोलाचा सरकारी दर किती? दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो. बघा म्हणजे. मेस्त्रेत राहून जे वाचतं ते बरोब्बर एका गोंडोलात जातं, त्यातूनही रोजच्या लोकलचे तिकिटाचे पैसे वेगळेच. तुमचा खरा प्रश्न आहे की हे ९० युरो अर्ध्या तासावर घालायचे की दोन संध्याकाळी आणि दोन पहाटांवर.

बाकीचा खर्च दोन्हीकडे जवळपास सारखाच. राहण्याचा टॅक्स माणशी रात्रीला काही युरो, तो बुकिंग साइटवर बऱ्याचदा दिसत नाही आणि हॉटेलात रोख मागतात, दोघांचे दोन रात्रींचे १०-१२ धरा. खाणं दिवसाला दोघांत ४०, तीन दिवसांचे १२०, ते कसं बसतं ते खाली सांगतो. राहता राहिली बोट.

व्हेनिसची बोट-बस म्हणजे वापोरेत्तो, आणि तिचं सुटं तिकीट माणशी साडेनऊ युरो आहे, ७५ मिनिटं चालतं. दोघांचे १९, म्हणजे एकदा इकडून तिकडं गेलात की दोन हजार रुपये पाण्यात, अक्षरशः. बजेट ज्यांचं बोंबलतं त्यांचं गोंडोलामुळं नाही बोंबलत, या सुट्या तिकिटांमुळं बोंबलतं, कारण गोंडोलाचे पैसे माणूस विचार करून देतो आणि ही तिकिटं पाय दुखले म्हणून काढतो. ७२ तासांचा पास ४५ चा आहे. पण तुम्ही दोघंही तिशीच्या आत आहात ना, मग रोलिंग व्हेनिस नावाचं कार्ड घ्या, ते २९ वर्षांपर्यंतच्या लोकांना मिळतं, ६ युरोचं कार्ड आणि त्यावर ७२ तासांचा पास २७ ला, म्हणजे माणशी ३३. स्टेशनसमोरच्या तिकीट काउंटरवर पासपोर्ट दाखवून मिळतं. हे कुणी आपणहून सांगत नाही, मागावं लागतं. आणि पास असला तरी प्रत्येक वेळी मशीनला टेकवायचा, नाही टेकवला तर पास असूनही दंड बसतो.

तर मला तीन प्लॅन दिसतात. पहिला, बेटावर रूम २३०, टॅक्स १२, दोघांचे पास ६६, खाणं १२०, झाले ४२८. उरले ४७, त्यात एखाद्या मनोऱ्याचं तिकीट, कॉफी, टॉयलेट. हो, टॉयलेटला पण दीडेक युरो पडतो, त्यामुळं कॉफी प्यायला थांबलात की तिथंच उरकून घ्यायचं. या प्लॅनमध्ये गोंडोला नाही. दुसरा, मेस्त्रे १४०, टॅक्स १०, लोकल १५, पास ६६, खाणं १२०, झाले ३५१, त्यात गोंडोला घातली की ४४१. बसतंय. तिसरा म्हणजे बेटावर रूम, पण पास नाही, सगळं पायी, फक्त एकदा एक नंबरच्या बोटीने ग्रँड कॅनाल, म्हणजे शहरामधून जाणारा मोठा कालवा, ३८१ झाले, अधिक गोंडोला ४७१. चार युरो शिल्लक, त्यात स्टेशनवर दोन कॉफ्या प्यायच्या आणि पुढच्या शहराला ठेवलेलं बजेट उघडायचं.

मी काय करेन विचाराल तर रूम बेटावरच घेईन, तिथं तडजोड नाही. मग पास की गोंडोला हे मिसेसना ठरवू द्या. पास घेतला तर त्यात बुरानो होतं, ती रंगीत घरांची, लेसवाली बेटं, फोंदामेंते नोव्हेहून १२ नंबरच्या बोटीने चाळीस-पंचेचाळीस मिनिटं, वाटेत मुरानो. पास नाही घेतला तर गोंडोला. दोन्ही सुंदर आहेत. तुम्ही मात्र ठरवू नका हो, कारण तुमच्या प्रश्नावरून मला वाटतंय की गोंडोलाचं टेन्शन तुम्हाला आलंय, त्यांना काय हवंय हे तुम्ही अजून विचारलेलंच नाहीये.

आता मेस्त्रेला मी एवढं नाही म्हणतोय तर तिथं काही वाईट आहे असं नाही. साधं, जिवंत गाव आहे, लोकलने सांता लुचिया स्टेशन दहा-बारा मिनिटं, तिकीट दीड युरोच्या घरात, ठाणे-मुलुंड समजा. मी स्वतः लोकांना मेस्त्रेत ठेवलंय. एक जोडपं होतं, सोबत सव्वा वर्षाचं बाळ आणि बाबागाडी, त्यांना बेटावर पाठवणं म्हणजे शिक्षा, तिथं चारशेच्या वर पूल आहेत आणि जवळजवळ सगळे पायऱ्यांचे. कुणी रात्री अकराला पोचून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निघणार असेल तरी मेस्त्रेच बरं. आणि जुलैत बेटावरची रूम दुप्पट होते तेव्हा सगळा हिशोबच बदलतो. तुमचं तसं नाही, नोव्हेंबर आहे, दोघंच आहात, पूर्ण दोन रात्री आहेत. मेस्त्रेत राहिलात की काय होतं, संध्याकाळी सात वाजले, पाय दुखतायत, थंडी वाजतेय, मग एक जण म्हणतो चल रूमवर जाऊन येऊ, आणि एकदा पूल ओलांडून गेलात की परत कोण येतंय! मी विचारलंय लोकांना, परत कुणी येत नाही.

कुणी तुम्हाला पादोवात राहा म्हणून सांगेल, अर्ध्या तासावर आहे, स्वस्त आहे. गाव फार छान आहे, जोत्तो या जुन्या चित्रकाराची भित्तिचित्रं आहेत तिथं, १३०५ च्या सुमाराची, वेळ असेल तर वेगळा दिवस काढून जावं असं. पण व्हेनिसचा तळ म्हणून मी नाही घेत. आणि एक बारीक गोष्ट आहे, व्हेनिसने २०२४ पासून काही ठरावीक दिवशी नुसतं दिवसभरासाठी येणाऱ्यांकडून प्रवेश फी घ्यायला सुरुवात केलीय, ५ युरो, आणि २०२५ पासून आयत्या वेळी काढली तर १०. मेस्त्रे हे व्हेनिस पालिकेच्याच हद्दीत येतं त्यामुळं तिथं रात्री राहणाऱ्याला ती माफ असते, फक्त ऑनलाइन नोंद करून क्यूआर कोड घ्यायचा. पादोवावाल्या पाहुण्याला माफ नाही. आतापर्यंत हे दिवस एप्रिल ते जुलैमधलेच ठेवलेत म्हणून तुम्हाला नोव्हेंबरात याचा त्रास नसावा, तरी तिकिटं काढताना त्या वर्षाचं कॅलेंडर एकदा बघा. हे वाचणाऱ्या मे महिन्यावाल्यांसाठी जास्त लिहिलं.

नोव्हेंबरबद्दल खरं सांगायचं तर तो जुगार आहे. धुकं असतं, थंडी पाच ते बारा डिग्री, ओलसर, हाडात शिरणारी. आणि आक्वा आल्ताचा, म्हणजे भरतीचं पाणी शहरात येण्याचा, हाच सीझन. १२ नोव्हेंबर २०१९ ला १८७ सेंटिमीटरची भरती आली होती, १९६६ नंतरची सगळ्यात मोठी. त्यानंतर ऑक्टोबर २०२० पासून समुद्राच्या तोंडाशी मोझे नावाचे दरवाजे उचलायला लागले आणि तसले पूर आता शहरात येत नाहीत. पण दरवाजे साधारण ११० सेंटिमीटरचा अंदाज असला तरच उचलतात आणि सान मार्को चौक हा शहरातला सगळ्यात खोलगट भाग, तिथं त्याच्या बऱ्याच खालच्या भरतीलाही पाणी लागतं. म्हणजे बातमीत व्हेनिस बुडालं म्हणून फोटो येईल तो त्या चौकाचा असेल आणि तुम्ही कान्नारेज्योत कोरड्या बुटांनी फिरत असाल. भरती काही तास राहते, ओसरते, तेवढा वेळ दुसरीकडं जायचं किंवा फळ्या टाकलेल्या असतात त्यावरून चालायचं. आपल्याकडच्या माणसाला घोट्याएवढ्या पाण्याचं काय कौतुक, पण बूट मात्र पाणी न घेणारे न्या, थंडीत ओले मोजे घालून रोमान्स होत नाही.

याच जुगारात एक लॉटरी आहे आणि ती मला फार आवडते. नोव्हेंबरच्या मध्यात सूर्य पावणेपाचच्या आधीच मावळतो. आणि गोंडोलाचा रात्रीचा दर, ११० युरोला ३५ मिनिटं, तो लागतो संध्याकाळी सातनंतर. जुलैत सातला लख्ख ऊन असतं म्हणून दिवे लागल्यावर बसायचं तर रात्रीचाच दर पडतो. तुम्ही मात्र सव्वाचारला बसलात तर मावळतीचा उजेड, साडेपाचला बसलात तर दिवे लागलेले, आणि दर दिवसाचा, ९०. वीस युरो नुसते पृथ्वी तिरकी असल्यामुळं वाचले.

गोंडोलाचं अजून थोडं, कारण इथंच लोक फसतात. दर पालिकेचा आहे आणि तो बोटीचा आहे, माणशी नाही. पाच जणांपर्यंत बसता येतं, त्यामुळं दुसरं एखादं जोडपं पकडून ४५-४५ करता येतात, पण मी ग्रुपवाली पाच माणसांची गोंडोला इतक्यांदा बघितलीय की हनिमूनला सुचवणार नाही, अर्धा वेळ तुम्ही त्यांचे फोटो काढण्यात आणि अर्धा वेळ ते तुमचे. घासाघीस करून फार कमी केलेत तर वेळ कमी होतो, एवढंच. गाणं हवं असेल तर वेगळे पैसे, ते नको. सान मार्कोच्या समोरच्या मोठ्या पाण्यात बसू नका, तिथं मोटरबोटींच्या लाटांनी नुसती हलते. सान तोमाजवळ किंवा सान्ती जोव्हान्नी ए पाओलो चर्चच्या बाजूला बसा, आणि बसायच्या आधी छोट्या कालव्यांतून न्या असं सांगून घ्या, किती मिनिटं आणि किती पैसे तेही बोलून घ्या. रोख ठेवा. आणि बसलात की होडीकडे जरा बघा, ती डाव्या-उजव्या बाजूला सारखी नसते, डावीकडे जास्त रुंद असते, कारण नावाडी मागं उभा राहून एकाच बाजूला एकच वल्हं मारतो, होडी सरळ केली असती तर गोल गोल फिरत बसली असती.

गोंडोला नाहीच घेतली तर त्रागेत्तो घ्या. ग्रँड कॅनालवर पूल फक्त चार आहेत, जवळजवळ चार किलोमीटरला चार, म्हणून अधेमधे लोकांना पलीकडं न्यायला एक साधी, मोठी गोंडोला असते, दोन नावाडी, पर्यटकाला २ युरो, दोन-तीन मिनिटांत पलीकडं. रियाल्तोच्या बाजाराजवळ सांता सोफियाला आहे, सान तोमालाही आहे. उशिरा आणि रविवारी बंद असण्याची शक्यता जास्त, सकाळीच करा. चार युरोत दोघं गोंडोलात उभे राहून ग्रँड कॅनाल ओलांडता. सासूबाईंना फोटो पाठवा, त्यांना काय कळतंय.

खाणं. दिवसाला दोघांत ४० कसे बसवायचे, तर टेबलावर बसायचं फक्त एकदा, बाकी उभ्याउभ्या. इटलीत कॉफी काउंटरवर उभं राहून घेतली तर दीड युरोच्या आत-बाहेर, तीच टेबलावर बसून घेतली की जास्त, आणि सान मार्को चौकात वाद्यवृंद वाजत असताना बसून घेतली तर वाजवणाऱ्यांचे पैसे वेगळे लावतात. फ्लोरियान नावाचं कॅफे आहे तिथं, १७२० पासूनचं, सुंदर आहे, खिडकीतून बघा, वाद्यवृंद चौकात उभं राहून फुकट ऐकू येतो. मी तसाच ऐकतो. रेस्टॉरंटमध्ये बसलात की कोपेर्तो म्हणून माणशी दोन-चार युरो बिलात येतात, ती फसवणूक नाही, बसण्याचे पैसे आहेत, भांडू नका.

दुपारी-संध्याकाळी बाकारो शोधायचा. अनेकवचन बाकारी, आपल्या भाकरीशी संबंध नाही पण वृत्ती तीच. छोटं दुकान, काचेच्या कपाटात पावाच्या चकत्यांवर काय काय ठेवलेलं, त्याला म्हणतात चिकेत्ती, एकेक दोन-तीन युरोला, सोबत छोटा ग्लास वाइन. लोक बाहेर कालव्याच्या कठड्याला टेकून खातात, आपल्या वडापावच्या गाडीसारखं. कान्नारेज्योत फोंदामेंता देला मिझेरिकोर्दियाची रांग आहे, दोर्सोदुरोत सान त्रोव्हासोचा कालवा आहे आणि त्याच्या समोर गोंडोला दुरुस्त करायचं जुनं लाकडी आवार, तिथं उभं राहून खाल्लेलं मला कुठल्याही रेस्टॉरंटपेक्षा आवडतं. सहा-सात चिकेत्ती आणि दोन ग्लासांत दोघांची संध्याकाळ होते.

शाकाहारीचं जरा सांभाळून. व्हेनिस माशांचं शहर आहे, पावावर जे पांढरं लोण्यासारखं दिसतं ते बऱ्याचदा कॉड मासा असतो, चीज समजून घेऊ नका. तळलेलं मोझारेल्ला सँडविच दिसतं, मोझारेल्ला इन कारोत्सा, त्यात आत अँचोव्ही मासा किंवा हॅम घालतात, विचारून घ्या. गोळे दिसतात ते मांसाचे किंवा ट्यूनाचे, कधी वांग्याचेही असतात, तेही विचारायचं. बिनधास्त खायचं ते उकडलेल्या अंड्याचं अर्धुक (वर अँचोव्ही नाही ना तेवढं बघून), गॉर्गोन्झोला चीज-अक्रोड, भोपळा, आर्टिचोक, आणि नोव्हेंबरात त्रेव्हीझोचा तो लाल-जांभळा कडसर पाला असतो, रादिक्क्यो, तो. रिझोत्तो, म्हणजे त्यांचा मऊ भात, भाज्यांचा लिहिला असला तरी मटणाच्या किंवा माशांच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो. ‘सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेश्शे’ एवढं पाठ करा, मांस नको मासा नको. मिसेस चीजमधल्या रेनेटचंही (वासराच्या पोटातलं, दूध जमवायला घालतात ते) पाळत असतील तर पार्मेजान चालणार नाही, ते वासराच्या रेनेटचंच असतं, मग पिझ्झा मारिनारा, त्यात चीजच नसतं आणि सगळ्यात स्वस्तही तोच. रात्रीचं एखादं जेवण सुपरमार्केटमधून, कान्नारेज्योत तर एका जुन्या थिएटरच्या इमारतीत सुपरमार्केट आहे, छतावरची चित्रं तशीच, दही घ्यायला गेलेला माणूस वर बघत बसतो. मेतकूट आणि कुकर नेऊ नका म्हणणार नाही, पण तीन दिवसांसाठी चिवडा-लाडू पुरे. पाणी विकत घेऊ नका, चौकाचौकात नळ आहेत, चांगलं पाणी आहे, बाटली भरायची. फक्त सान मार्कोच्या पायऱ्यांवर बसून डबा उघडू नका, त्याला दंड आहे, कबुतरांना दाणे टाकायलाही २००८ पासून बंदी आहे.

बघायचं काय यावर मी फार बोलणार नाही, ते सगळीकडं लिहिलेलं आहे. डोजचा, म्हणजे जुन्या व्हेनिसच्या राज्यप्रमुखाचा, राजवाडा तिशीच्या घरात तिकीट, माणशी, इतिहासाचं वेड असेल तरच, नाहीतर तुमच्या बजेटमध्ये दोघांचा तो म्हणजे बेटावरची जवळजवळ अर्धी रात्र. वरून शहर बघायला सान मार्कोच्या मनोऱ्यापेक्षा समोरच्या बेटावरच्या सान जोर्जो माज्जोरेच्या मनोऱ्यावर जा, लिफ्ट आहे, तिकीट कमी, रांग कमी, आणि तिथून सान मार्कोचा मनोरा चित्रात येतो, त्याच्यावर उभं राहिलं की तोच दिसत नाही. तसा तोही मूळचा नाहीये, १९०२ ला अख्खा कोसळला, १९१२ ला परत उभा केला. सान जोर्जोला मात्र बोटीनेच जावं लागतं, पास असेल तरच परवडतं. तुमच्या तारखा जुळवता येत असतील तर २१ नोव्हेंबर साधा. १६३० च्या प्लेगमधून शहर सुटलं म्हणून सालूते चर्च बांधलं, त्याचा तो दिवस, ग्रँड कॅनालवर त्या दिवसांपुरता तरंगता पूल टाकतात आणि अख्खं गाव मेणबत्त्या घेऊन त्यावरून चालत जातं, म्हातारी माणसं, शाळेची पोरं, बाहेर फुगे आणि गोड पदार्थांचे स्टॉल, अगदी जत्रा. बेटावरच्या जुन्या शहरात आता पन्नास हजारांहून कमी लोक राहतात, त्या दिवशी ते सगळे एकदम दिसतात. फुकट. त्या दिवशी रूम थोडी महाग पडेल, शनिवार-रविवार आला तर अजूनच, तेवढं बघून घ्या.

दिवसाची आखणी उलटी करा. पहाटे साडेसहाला उठून सान मार्को, सव्वासातच्या सुमारास उजाडतं तेव्हा चौकात झाडूवाले आणि तुम्ही. दहा ते चार गर्दीच्या वेळात बुरानो नाहीतर दूरचे भाग, घेट्टो बघा, ज्यूंना सक्तीनं वेगळं ठेवायची वस्ती, १५१६ ची, तो शब्दच इथून गेलाय, किंवा सरळ रूमवर जाऊन झोपा, बेटावर रूम असल्याचा हाच तर फायदा. साडेचारला अक्कादेमिया पुलावर, सालूतेच्या घुमटामागचं आभाळ बघायला. मग साडेपाचला गोंडोला किंवा एक नंबरची बोट, पियात्साले रोमाच्या बस स्टँडहून, पुढची खुली जागा मिळाली तर उत्तम, चाळीसेक मिनिटं, दोन्ही बाजूच्या वाड्यांत दिवे लागलेले, वरच्या मजल्याची रंगवलेली छतं खालून दिसतात, दिवसा ती दिसत नाहीत. जेवण झाल्यावर नकाशा बंद करून हरवायचं. बेट आहे, किती हरवाल, शेवटी पाणीच लागतं.

बुकिंगचं दोन ओळींत. व्हिसाला हॉटेलं दाखवावी लागतात, फुकट कॅन्सल होणारी घ्या आणि पक्की स्वस्त रूम व्हिसा हातात आल्यावर. गाड्यांची तिकिटं मात्र लवकर, मिलान-व्हेनिस अडीच तासांची जलद गाडी दोन महिने आधी निम्म्याहून कमीत मिळते. कार्ड स्वाइप करताना रुपयांत की युरोत विचारलं तर युरोतच.

आणि एक माझी चूक सांगतो. एका जोडप्याला मी कास्तेल्लोत फार सुंदर रूम बघून दिली होती, स्वस्त, कालव्यावर खिडकी. त्यांच्याकडं तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा होत्या आणि वाटेत नऊ पूल. नवऱ्याने एका वेळी एक बॅग उचलून, बायकोने दुसरीजवळ थांबून, असं करत ते पोचले आणि त्या संध्याकाळी एकमेकांशी बोलत नव्हते. मला फोनवर म्हणाले, दादा खिडकी छान आहे. तेव्हापासून रूम ठरवायच्या आधी मी मालकाला मेसेज करून एकच विचारतो, सगळ्यात जवळच्या बोटीच्या स्टॉपपासून दारापर्यंत पूल किती, आणि दारापासून रूमपर्यंत जिने किती. दोन पूल आणि दोन जिने यापेक्षा जास्त आकडा आला तर दुसरी रूम बघतो. तुम्हीही विचारा, आणि मोठ्या बॅगा स्टेशनच्या क्लोक रूममध्ये ठेवून दोन दिवसांची एक सॅक घेऊन निघालात तर मग बेटावर कुठलीही रूम चालेल.